गहू सोडण्याआधी तपासणी

सीलिअॅक आजारात गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर झिजते, लोह आणि कॅल्शियम नीट शोषले जात नाही. संशय आल्यावर पुढच्या तपासण्या कराव्यात की नाही, हे ठरवताना काही गैरसमज आड येतात.

त्यांतला सर्वांत नुकसानकारक म्हणजे ‘आधी गहू बंद करून पाहू, तपासणीचे मग बघू.’ गहू बंद होताच रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, अस्तर भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. मग खात्री करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, रोज साधारण दोन पोळ्यांइतका. ज्याला गव्हाने खरोखर त्रास होतो, त्याच्यासाठी ही शिक्षाच असते. शिवाय गहू सोडल्यावर बरे वाटणे हा पुरावा नव्हे. गव्हातील फ्रुक्टान या कर्बोदकामुळेही अनेकांचे पोट फुगते.

जुलाब नाहीत म्हणजे सीलिअॅक नाही, हेही खरे नाही. गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, मुलाची खुंटलेली उंची, ठिसूळ हाडे हीच कित्येकदा एकमेव खूण असते. बद्धकोष्ठ किंवा वाढलेले वजन असलेल्यांनाही हा आजार होतो.

पहिली तपासणी रक्ताची: टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडांची. सोबत एकूण आयजीए मोजणे आवश्यक, कारण ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच बनत नाही त्यांचा अहवाल फसवा निघतो. त्यांच्यासाठी आयजीजी प्रकारच्या चाचण्या आहेत.

रक्ताचा अहवाल सकारात्मक आला की प्रौढांना बहुधा एंडोस्कोपी सुचवली जाते आणि इथे बरेच जण मागे फिरतात. बायोप्सी म्हणजे शस्त्रक्रिया किंवा कॅन्सरचा संशय, ही समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात तोंडावाटे बारीक नळी लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि अस्तराचे दाण्याएवढे चार-सहा तुकडे घेतात. एकच तुकडा पुरत नाही, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. तुकडे काढताना दुखत नाही आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. मुलांमध्ये टीटीजी कमाल मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही प्रतिपिंडांची दुसरी चाचणीही सकारात्मक आली, तर बायोप्सी टाळता येते, असे युरोपातील बालरोगतज्ज्ञांची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

‘पथ्यच करायचे, तर बायोप्सी कशाला?’ कारण पथ्य आयुष्यभराचे आणि कडक आहे. ज्वारीची भाकरी चालते. पण गिरणीत गव्हामागोमाग त्याच जात्यावर दळलेले पीठ चालत नाही. बाजारातल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ असते, म्हणजे वरणाची फोडणीही तपासावी लागते. एवढे बंधन अंदाजावर घालणे योग्य नाही.

जनुकीय चाचणीचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो. डीक्यू2 किंवा डीक्यू8 जनुके सुमारे 30 ते 40 टक्के लोकांत आढळतात आणि त्यांतल्या थोड्यांनाच आजार होतो. त्यामुळे ती असणे म्हणजे आजार नव्हे. ती दोन्ही नसतील, तर मात्र सीलिअॅक जवळजवळ नाहीच. गहू आधीच सोडलेल्या व्यक्तीला याचा विशेष उपयोग होतो, कारण या चाचणीवर आहाराचा परिणाम होत नाही. रुग्णाच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनीही त्रास नसला तरी रक्ततपासणी करून घ्यावी; त्यांच्यात हा आजार इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो.