मिलिमीटरचा आकडा

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीतील एखाद्या गृहस्थाच्या हाती पत्नीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अहवाल पडला, म्हणजे मिळेल त्या गाडीने नागपूर गाठावे असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रोग प्रारंभिक असेल, तर त्या कागदावरील मिलिमीटरचा आकडा प्रथम समजून घ्यावा, कारण उपचाराचा फैसला बव्हंशी त्यावरच होतो. रोगाची खोली 3 मिलिमीटरहून कमी असून रक्तवाहिन्यांत व लसिकावाहिन्यांत त्याचा शिरकाव नसेल, तर अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीस गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा भाग काढणे, कडा निरोगी निघाल्यास, पुरेसे ठरते. गाठ याहून मोठी पण गर्भाशयमुखापुरतीच असल्यास शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार हे मुख्य मार्ग होत. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत दोहोंचे यश सारखेच आढळले, मात्र शस्त्रक्रियेत तरुण स्त्रीचे बीजकोष राखता येतात, किरणांनी ते बहुधा निकामी होतात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचविल्यास निःसंकोच विचारणा करावी, कारण 2018 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक निघाले.

नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात वा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात दुसरे मत घेण्यास जाताना अहवालासोबत काचपट्ट्या व तपासणीचा तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ठोकळेही प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकाही जवळ असावी. आणि डॉक्टर बोलतील तेव्हा पत्नीस बाहेरच्या बाकावर बसवू नये. शरीर तिचे आहे, प्रश्नही प्रथम तिनेच विचारावेत.