उत्तर आधी, प्रयोग नंतर?

दहावीच्या मुलांची विज्ञानाची जर्नले आम्ही गेल्या काही वर्षांत बरीच चाळली. सुवाच्य अक्षर, पट्टीने मारलेल्या रेघा, पेन्सिलीने काढलेली परीक्षानळी. कृती, निरीक्षण, अनुमान, सगळे जागच्या जागी. पण ‘हा निळा रंग तू स्वतः पाहिलास का?’ असे विचारले की मूल मान खाली घालते. प्रयोगशाळेला कुलूप असते आणि जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाचे उतरवलेले असते. ज्या घरात कालाम सुत्त मुलांकडून पाठ करून घेतले जाते, त्याच घरातली मुलगी कधीही न पाहिलेला रंग ‘निरीक्षण’ म्हणून लिहिते आणि पैकीच्या पैकी गुण आणते. दोष तिचा नाही, हे खरेच. तरीही आम्हाला ते टोचते.

म्हणून आमच्या वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही एक जुनाच प्रयोग मांडला. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा काचेचा पेला. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात चढले. कारण विचारायच्या आत मुले एका सुरात म्हणाली, ‘हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो, तो संपला!’ पिढ्यान् पिढ्या असेच शिकवले गेले आहे. आम्हीही असेच शिकलो होतो.

मग आम्ही त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी पहिल्यापेक्षा बरेच वर गेले. वर्ग गप्प. थोड्या वेळाने नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘सर, पेला तोच आहे, मग प्राणवायू जास्त कुठून आला?’

विज्ञानाची पद्धत या प्रश्नापासून सुरू होते. मुलांनी पुन्हा पुन्हा पेला ठेवून पाहिले. ठेवताना काठाखालून बुडबुडे निघत होते. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढत होते. प्राणवायू संपल्याने पाणी चढत असेल, तर ते ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवे. खरे कारण उष्णतेचे आहे. ज्योतीने हवा तापून प्रसरण पावते, काही बाहेर जाते. विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी आत ओढले जाते. मेणबत्ती विझते तेव्हा आत प्राणवायू बराच शिल्लक असतो. जो जळतो, त्याची बरीचशी जागा कार्बन डायऑक्साइड घेतो.

पाठ केलेले उत्तर चुकीचे ठरू शकते, हे रसायनशास्त्राला नवे नाही. ज्वलनात पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ बाहेर पडते, असे अठराव्या शतकातले मोठमोठे विद्वान मानत. लाव्हाझिए यांनी १७७४ च्या सुमारास बंद भांड्यात कथील तापवले. भांड्यासकट वजन होते तेवढेच राहिले. भांडे उघडताच हवा आत शिरली आणि वजन वाढले. धातूने हवेतले काही घेतले होते. तराजूच्या काट्याला कोणाची विद्वत्ता कळत नाही!

यावर ‘एवढे साहित्य सरकारी शाळेत कुठून आणायचे?’ असे विचारले जाते. त्यांनी मध्य प्रदेशातले होशंगाबाद आठवावे. तिथे १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत गेला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुले गटागटाने प्रयोग करत, दिसेल ते लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती आणि हाताने प्रयोग करून दाखवावा लागे. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. महागड्या शाळेतल्या मुलाला प्रयोगशाळा आणि आमच्या मुलाला गाइड, ही वाटणी कोणी ठरवली?

प्राणवायूचा पंचमांश मोजायचाच असेल, तर लोखंडाचा कीस आहे. ओल्या परीक्षानळीला आतून कीस चिकटवायचा, नळी पाण्यात उपडी ठेवायची आणि काही दिवस थांबायचे. गंज चढताना प्राणवायू खर्च होतो. इथे उष्णतेचा गोंधळ नाही, दुसरा वायूही तयार होत नाही. आमच्या मुलांनी लेथच्या दुकानातून फुकट कीस आणला. १५ सेंटिमीटरच्या हवेत पाणी ३ सेंटिमीटरच्या आसपास चढले. एका मुलाच्या नळीत मात्र जेमतेम २. शेजाऱ्याचे पाहून आकडा बदलू का, असे त्याने आधी विचारले. आम्ही नको म्हटल्यावर त्याने २ च लिहिले, आणि थोडा विचार करून खाली लिहिले, ‘माझ्या किसाला तेल होते, मी धुतला नव्हता.’

पुढच्या रविवारी तो दोन नळ्या लावणार आहे. एकीत धुतलेला कीस, दुसरीत न धुतलेला. नळी, पाणी आणि किसाचे वजन दोन्हीकडे सारखे.