कान हेच ज्यांचे कवच

रायगड किनाऱ्यावरील किहीमला पक्षिशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. १९३० साली पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी येथेच सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे दीर्घकाळ निरीक्षण करून त्यांच्या गृहस्थीचे अज्ञात नियम उलगडले. त्याच परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्यांत आजही शांतपणे ऐकणाऱ्यास जीवरक्षणाची एक भाषा कळू लागते.

आकाशात शिक्रा दिसताच अनेक लहान पक्षी बारीक, उंच पट्टीचा स्वर काढतात. तो हळूच सुरू होतो, हळूच विरतो. त्यामुळे तो कोठून आला हे शत्रूला सहसा उमगत नाही. झाडावर बसलेला पिंगळा दिसला, तर मात्र बुलबुल, सातभाई कर्कश कलकलाट करतात. हा आवाज कोठून येतो ते चटकन कळते. शेजारचे पक्षी गोळा होतात आणि शिकाऱ्याला बहुधा जागा सोडावी लागते. मांजर पाहून खारीने लावलेला ‘चिक्‌चिक्’चा धोशा इतर जीवही ऐकतात. एकाची हाक अशी अनेकांची ढाल होते.

आफ्रिकेतील व्हर्वेट माकडांविषयी १९८० साली प्रसिद्ध झालेले संशोधन याहून विलक्षण आहे. बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी त्यांचे इशारे निरनिराळे असतात. ध्वनिमुद्रित इशारा ऐकवताच ती अनुक्रमे झाडावर धावली, वर पाहू लागली किंवा जमीन न्याहाळू लागली.

जैन दर्शनात श्रोत्रेंद्रिय हे पाचवे इंद्रिय. पंचेंद्रिय जीवाचे प्राण अनेकदा त्यावरच अवलंबून असतात. अमेरिकेतील फ्लोरिडात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, महामार्गाच्या गोंगाटात कार्डिनल पक्ष्यांनी शेजारी जातीच्या पक्ष्यांच्या धोक्याच्या हाकेला प्रतिसादच दिला नाही. हाक होती, ती पोहोचली नाही.

सुट्टीत किहीमला येणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी येथे थांबून विचार करावा. रात्री उशिरापर्यंत वाजणारा ध्वनिक्षेपक कोणाला इजा करताना दिसत नाही. पण काळोखात कानांच्या भरवशावर वावरणाऱ्या जीवाचा तो आधारच काढून घेतो. जीवदया म्हणजे केवळ पाणी गाळणे आणि रात्रिभोजन टाळणे नव्हे. आवाजातही यत्ना हवी. भगवान महावीरांच्या निर्वाणाची दिवाळी फटाक्यांविना साजरी करण्याचा नियम अनेक घरांत आहेच. तोच नियम सहलीच्या बंगल्यातही पाळला, तर वाडीतल्या एखाद्या पिलाला आईची हाक वेळेवर ऐकू येईल.