श्योनबेर्गच्या शाळेतला रविवार

ईस्टर म्हटलं की आपल्याकडे एकच दिवस डोळ्यांपुढे येतो. चर्चच्या पंचांगात मात्र हा सण पन्नास दिवस चालतो, पार पेन्टेकॉस्टपर्यंत. या दिवसांत अनेक चर्चमध्ये ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचली जातात. येशूला अटक झाली त्या रात्री त्याची ओळखच नाकारणारा पेत्र त्यात न्यायसभेपुढे उभा राहून गप्प बसायला साफ नकार देतो. भित्र्या माणसांना कंठ फुटण्याचे हे दिवस.

१९४५ साली ईस्टर १ एप्रिलला आला. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर तेव्हा बुखेनवाल्डच्या कैदेत होता आणि लांबून अमेरिकी तोफा ऐकू येत होत्या. वय ३९. बाप बर्लिनमधला नामवंत मानसोपचारतज्ज्ञ. मुलाने धर्मशास्त्र निवडलं आणि चर्च नाझींच्या दावणीला बांधण्याला सुरुवातीपासून विरोध केला. गांधीजींकडे येऊन राहण्याचीही त्याची इच्छा होती. १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्रात गांधीजींनी त्याला या म्हणून कळवलं होतं. पण बोलावणं आलं ते नाझींना न जुमानणाऱ्या बंडखोर चर्चच्या होऊ घातलेल्या पाळकांना शिकवण्याचं, आणि भारत राहून गेला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरक्षित पोचलेला हा माणूस महिनाभरातच परत फिरला. पुढे तो हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि ५ एप्रिल १९४३ ला पकडला गेला.

३ एप्रिलच्या रात्री त्याला आणि इतर कैद्यांना बुखेनवाल्डहून हलवलं. गाडी लाकडाच्या गॅसवर चालणारी. निम्म्या जागेत सरपण, उरलेल्या जागेत माणसं कोंबलेली; तासातासाला थांबून भट्टी साफ करायची. सरपण जळेल तसतशी पाय पसरायला जागा व्हायची! शुक्रवारी सगळे बव्हेरियातल्या श्योनबेर्ग गावच्या शाळेत पोचले. दाराला कुलूप होतं, पण मोठ्या खिडक्या होत्या आणि खरेखुरे पलंग होते. गावकऱ्यांनी उकडलेले बटाटे पाठवले. बोनहोफर खिडकीशी ऊन खात बसे आणि वासिली कोकोरिन नावाच्या सोव्हिएत अधिकाऱ्याकडून रशियन शिके. हा परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हचा भाचा असल्याचं सांगत; पक्का निरीश्वरवादी.

८ एप्रिल, ईस्टरनंतरचा पहिला रविवार. सहकैदी प्युंडर यांनी सुचवलं, उपासना घ्या. बोनहोफर तयार होईना. खोलीत बरेचसे कॅथलिक, हा लुथरन. शिवाय कोकोरिनवर आपली प्रार्थना का लादायची? अखेर खुद्द कोकोरिनचीच हरकत नाही म्हटल्यावर तो उभा राहिला. यशया आणि पेत्राचं पहिलं पत्र यांतली त्या दिवशीची वचनं वाचली, त्यांवर बोलला, प्रार्थना केली.

मला या माणसाचं धैर्य दुसऱ्या दिवशीच्या फासापेक्षा या आढ्यावेढ्यांत जास्त दिसतं. मरण समोर असताना आपला देव दुसऱ्याच्या गळी उतरवण्याची घाई त्याला नव्हती. श्रद्धेचा गाजावाजा करणाऱ्यांची वाण कोणत्याच धर्मात नाही. शेजारच्या नास्तिकाची आधी विचारपूस करणारे मोजकेच.

शेजारच्या खोलीतल्या कैद्यांनाही उपासना हवी होती. तेवढ्यात दार उघडून दोघे आले आणि बोनहोफरला सामान घेऊन निघायला सांगितलं. घरून आलेल्या प्लुटार्कच्या पुस्तकात त्याने ठसठशीत अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि ते मागे ठेवलं. पेन बेस्ट या कैदेतल्या ब्रिटिश अधिकाऱ्याजवळ इंग्लंडमधले आपले मित्र बिशप जॉर्ज बेल यांच्यासाठी निरोप दिला: हा शेवट असला तरी माझ्यासाठी जीवनाची सुरुवात आहे, अशा आशयाचा. त्याच रात्री फ्लोसेनब्युर्ग छावणीत खटल्याचा फार्स झाला. बचावाला वकील नव्हता. ९ एप्रिलच्या पहाटे फाशी. दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकी सैन्य तिथे पोचलं.

त्याने गुडघे टेकून शांतपणे प्रार्थना केली आणि क्षणात प्राण सोडला, ही छावणीच्या डॉक्टरची आठवण पुष्कळ चरित्रांत येते. ती दहा वर्षांनंतर लिहिलेली आहे आणि अभ्यासकांना तिच्याबद्दल दाट शंका आहे. त्या छावणीतला डॉक्टर मरण सोपं करून सांगणारच. श्योनबेर्गची हकीकत आपल्यापर्यंत आली ती मात्र बेस्टसारख्या सुटून आलेल्या कैद्यांकडून. आईवडिलांना मुलाच्या मृत्यूची खात्री पटली ती २७ जुलैला, रेडिओवर: लंडनच्या चर्चमधली त्याची स्मरणसभा बीबीसीने प्रसारित केली, आणि तिथे बोलत होते बिशप बेल.