‘त्र्यंबक’वर अडणारा संगणक

संदेश गुप्त लिपीत बदलणारा छोटासा प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहिणे हा अनेक विद्यार्थ्यांचा आवडता उद्योग आहे. इंग्रजी मजकुरावर तो बिनतक्रार चालतो. मराठी फाइल दिली की मात्र गंमत होते. विंडोज संगणकावर ‘नाशिक’ या शब्दाऐवजी बहुधा पंधरा अनोळखी चिन्हे उमटतात, आणि ‘त्र्यंबक’ वाचताना प्रोग्रॅम थांबतोच! असे का व्हावे?

फाइलीत अक्षरे नसतात. असतात ० ते २५५ पर्यंतचे आकडे. अशा प्रत्येक आकड्याला बाइट म्हणतात. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे तक्त्यावरून ठरते. आज मराठी मजकूर बहुधा यूटीएफ-८ पद्धतीने साठवतात. तीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘न’ म्हणजे २२४, १६४, १६८. न, काना, श, वेलांटी, क ही झाली पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट.

पद्धत सांगितली नाही, तर विंडोजवरील पायथनच्या बऱ्याच आवृत्त्या सामान्यतः १२५२ क्रमांकाचा पाश्चात्त्य तक्ता धरतात. त्यात एका बाइटचे एक चिन्ह होते. ‘त्र्यंबक’मधील पाय मोडण्याचे चिन्ह म्हणजे २२४, १६५, १४१, आणि १४१ ची जागा त्या तक्त्यात रिकामी आहे! इंग्रजी अक्षरांचे आकडे दोन्हीकडे सारखेच, म्हणून तेथे दोष लपून राहतो. फाइल उघडताना यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगितले, की हा दोष जातो.

आता दुसरी अडचण. प्रत्येक बाइटमध्ये ५० मिळवा. बेरीज २५५ च्या वर गेली तर २५६ वजा करा. ‘न’चे १८, २१४, २१८ होतात. यूटीएफ-८ मध्ये २१४ नंतर १२८ ते १९१ यांपैकीच बाइट यावा लागतो. २१८ चालत नाही. गुप्त केलेली फाइल हा मजकूर उरलेलाच नसतो. म्हणून ती ‘आरबी’ने वाचावी, ‘डब्ल्यूबी’ने लिहावी, म्हणजे पायथन तक्ता न लावता नुसते बाइट हाताळतो.

चुकांकडे दुर्लक्ष करण्याची सोयही पायथनमध्ये आहे, पण तिच्या मोहात पडू नका. न जुळणारे बाइट गाळले जातात आणि संदेश पुन्हा उलगडत नाही. तसेच लिहिण्यासाठी उघडलेली जुनी फाइल त्याच क्षणी रिकामी होते. म्हणून गुप्त मजकूर नेहमी नव्या नावाने साठवा.

जाता जाता एक कोडे. १२५२ च्या तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या जागा रिकाम्या आहेत. मग निफाड, सिन्नर, इगतपुरी यांपैकी कोणत्या नावांवर संगणक अडेल? बाइट मोजून पाहा!