हातोहात

मनिलात जीपनीच्या मागच्या टोकाला बसलेली बाई वीस पेसो काढते आणि 'बायाद पो' म्हणत शेजाऱ्याच्या हातावर ठेवते. शेजारी तिच्याकडे बघतही नाही. पैसे त्याच्या पुढच्याच्या हातात, तिथून त्याच्या पुढच्याच्या, असे सरकत सरकत ड्रायव्हरच्या खांद्याशी पोचतात. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्याने सुटे मोजतो आणि उरलेली नाणी त्याच वाटेने उलटी येऊन बाईच्या तळव्यावर पडतात. ना कंडक्टर, ना तिकीट, ना पावती. एकमेकांना न ओळखणाऱ्या आठ-नऊ जणांच्या हातांतून पैसा फिरतो आणि कुणी त्यातला पेसोही ठेवून घेत नाही!

आणि नवल असं, की पाकीटमारांचं एक गाजलेलं तंत्र याच गाडीत, याच भलेपणावर पोसलं गेलं.

आधी गाडी समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या उरलेल्या जीप फिलिपिनो कारागिरांनी लांबवल्या, त्यांवर छप्पर चढवलं आणि त्यातून जीपनी जन्मली. लास पिन्यासमध्ये १९५३ साली सुरू झालेल्या साराओ मोटर्सने तिला रंगीत, चकचकीत रूप दिलं. जुन्या घडणीच्या जीपनीत दोन लांब बाक समोरासमोर असतात आणि प्रवासी गुडघ्याला गुडघे लावून बसतात. चढा-उतरायची जागा मागे, तिला दार नाही. खिडक्या उघड्या, आणि प्रवाशांची पाठ त्या खिडक्यांकडे. २०२३च्या अखेरीस या गाडीचं किमान भाडं १३ पेसो झालं. एवढ्याशा भाड्यासाठी मोठी नोट काढली की सुट्या पैशांची बोंब होते. म्हणूनच कित्येक गाड्यांत पाटी असते, 'सकाळी फक्त सुटे द्या.'

थोडक्यात, जीपनीत नाणं सतत कुणाच्या ना कुणाच्या हातात असतं. ते खाली पडलं तर कुणाला काहीच वावगं वाटत नाही. 'लागलाग बार्या' टोळी, म्हणजे नाणी पाडणारी टोळी, नेमकं हेच हेरते. टोळीतले तिघं-चौघं ओळख न दाखवता तुमच्या आजूबाजूला आणि समोर बसतात. समोरच्याच्या हातून चिल्लर खळकन सांडते, थेट तुमच्या पायांशी. तो ओशाळतो, वाकतो, 'जरा पाय उचलता का?' म्हणतो. तुम्ही पाय उचलता, स्वतःही वाकता, बाकाखाली गेलेलं एखादं नाणं बोटाने दाखवता. तेवढ्यात शेजारच्याचा हात तुमच्या पिशवीची चेन उघडून बाहेरही आलेला असतो. पुढच्या थांब्यावर 'पारा पो' असा आवाज येतो आणि मंडळी उतरून गेलेली असतात.

आपल्याच मांडीवरच्या पिशवीत शिरलेला हात आपल्याला कळत कसा नाही? याचं उत्तर मेंदूच्या काटकसरीत आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडूची फेकाफेक मोजणाऱ्या प्रेक्षकांसमोरून गोरिलाचा वेश घातलेलं माणूस आरामात चालत गेलं, मधोमध थांबून छाती बडवूनही गेलं. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ते दिसलंच नाही. लक्ष एकीकडे गुंतलं की डोळ्यांदेखतची गोष्टही मेंदूपर्यंत पोचत नाही. स्पर्शाचंही तसंच. मनगटावरचं घड्याळ काही मिनिटांत जाणवेनासं होतं. गुडघ्यावर किंवा खांद्यावर जोराचा दाब पडला, की दुसरीकडचा हलका स्पर्श त्यात बुडून जातो.

रंगमंचावर गंमत म्हणून खिसे कापणारा अपोलो रॉबिन्स हे शास्त्र बोटांनीच शिकला. २००१ मध्ये लास वेगासला त्याने माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सुरक्षारक्षकांचेच खिसे रिकामे केले होते! पुढे मेंदूशास्त्रज्ञांनी त्याच्यासोबत अभ्यास केला. हात सरळ रेषेत गेला तर बघणाऱ्याची नजर शेवटच्या ठिकाणी उडी मारते. हात कमानीसारखा वळत गेला तर नजर त्याच्यामागे ओढली जाते. जीपनीत घरंगळणारं नाणंही आपली नजर अशीच पळवून नेतं.

मनिलाच्या गाड्यांत चोरीच्या आणखीही तऱ्हा आहेत. एडसा रस्त्यावरून धावणाऱ्या एमआरटी-३ या रेल्वेच्या दारात किंवा बसच्या पायरीवर 'इपित' टोळी पुढून अडवते आणि मागून रेटते. त्या चेंगराचेंगरीत खिशातला हात जाणवणं अशक्यच. 'लासलास'वाले पिशवी उघडत बसत नाहीत, ब्लेडने तळच कापतात. आणि सिग्नलला थांबलेल्या जीपनीच्या उघड्या खिडकीतून, तुमच्या पाठीमागून आलेला हात कानातलं, गळ्यातलं किंवा हातातला मोबाइल हिसकावून गाड्यांच्या गर्दीत पसार होतो.

मग बसायचं कुठे आणि कसं? मागच्या मोकळ्या जागेलगत बसलात तर हिसकावून उडी मारणाऱ्याची सोय होते. ड्रायव्हरच्या पाठीशी बसलात तर गाडीभरचं भाडं तुमच्याच हातांतून जाणार, म्हणजे दोन्ही हात कामात. मधली जागा त्यातल्या त्यात बरी. भाड्यापुरते सुटे वेगळ्या खिशात ठेवा, म्हणजे गाडीत पाकीट उघडून दाखवायची वेळ येत नाही. मागचा खिसा रिकामा ठेवा. सॅक पोटाशी घ्या, मुंबईच्या लोकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एमआरटीत पुढचा भाग महिला, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि अपंगांसाठी राखीव असतो, हक्काचा असेल तर तो वापरा.

आणि नाणी सांडली की सवयीचा क्रम उलटा करा. आधी हात स्वतःच्या चेनवर, मग नजर खाली. मदत जरूर करा, पण हात तिथून न हलवता. इथे संशयी होण्यापेक्षा सावध असणं उपयोगाचं. सगळ्यांवर संशय घेणाऱ्याला जीपनीत भाडंसुद्धा देता येणार नाही.

हे सगळं हातचलाखीपुरतं. चाकू किंवा पिस्तूल काढून 'होल्डाप' म्हटलं गेलं, तर लक्ष, क्रम, जागा काही कामाचं नाही. मागितलेलं मुकाट्याने द्या, चेहऱ्याकडे रोखून पाहू नका, नंतर ९११ला फोन करा. फिलिपिन्समध्ये हा आपत्कालीन क्रमांक २०१६ पासून देशभर चालतो.

चोरीचा माल विकत घेणारा कुणीतरी असतो म्हणून चोरी परवडते. फिलिपिन्समध्ये १९७९ पासून अशा खरेदीविरुद्ध वेगळा कायदा आहे. चोरीची वस्तू नुसती जवळ सापडली तरी ती चोरीची असल्याचं माहीत असून घेतली, असं प्रथमदर्शनी गृहीत धरलं जातं. आपल्या बाजूने आपण एवढं करू शकतो: प्रवासाआधी मोबाइलवर *#०६# दाबा, येणारा पंधरा अंकी आयएमइआय क्रमांक कागदावर उतरवा आणि तो कागद मोबाइलपासून लांब ठेवा. फोन गेलाच, तर पोलिसांच्या नोंदवहीत तक्रार लिहून घेताना आणि फोन बंद पाडायला सांगताना हाच क्रमांक लागतो. बंद पडलेल्या फोनला गिऱ्हाईक मिळवणं मात्र भल्याभल्या चलाख बोटांनाही जड जातं.