जुना लॅपटॉप, नवी डिस्क आणि ग्रामसभेचं दप्तर

मंडळी, आजचा विषय छोटा आहे. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायची कशी आणि काढलेल्या डिस्कचं करायचं काय? पण चंद्रपूर-गडचिरोलीत हा विषय दुकानापुरता राहत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये. पुढे अनेक ग्रामसभा बांबू-तेंदूचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. बांबू किती तोडला, मजुरी कोणाला किती दिली, वाहतूक परवाना कोणत्या गाडीला दिला, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. कागदावर ते असतंच. पण हद्दीचे जीपीएस बिंदू, नकाशे, फोटो हे बहुधा लॅपटॉपमध्येच राहतात. तो लॅपटॉप दहा वर्षांचा असेल, तर गावाचं दप्तर एका दहा वर्षं फिरलेल्या तबकडीवर आहे, असं समजा.

आता हा लॅपटॉप हळू का चालतो ते पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 90 फेऱ्या. माहिती वाचणारी सुई आधी योग्य जागी सरकते आणि मग तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबते. या ये-जा करण्यात सेकंदाला शंभरेक जागासुद्धा मुश्किलीनं वाचून होतात. लॅपटॉप सुरू होताना मात्र हजारो छोट्या फायली विखुरलेल्या जागांवरून आणाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती सेकंदाला हजारो जागा सहज वाचते. म्हणून प्रोसेसर तोच ठेवून नुसती डिस्क बदलली, तरी पाच मिनिटांत उघडणारं यंत्र अर्ध्या मिनिटात उघडू शकतं. सोबत रॅम चारची आठ जीबी करता आली तर उत्तमच.

पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक काम करायचं: नक्कल. आधी डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम डिस्कनं स्वतःच ठेवलेली नोंद दाखवतो. त्यात खराब जागांचे आकडे वाढलेले दिसले, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर त्या डिस्कवर दुसरं कुठलंही काम करू नका. सर्वांत महत्त्वाच्या फायली सर्वांत आधी बाहेर काढा. डिस्क धड असेल, तर क्लोनझिलासारख्या मोफत प्रोग्रॅमनं ती जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवता येते. त्यासाठी नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नसावी, हे सोपं.

मग माप. 2010 ते 2015 च्या आसपासच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. जुनी 9.5 मिलिमीटर जाड असू शकते, नवी 7 मिलिमीटरची येते. मधली फट प्लास्टिकच्या चौकटीनं भरायची. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी सुटी. काही मॉडेलमध्ये डिस्क पातळ पट्टीसारख्या वायरनं जोडलेली असते, तिला ओढायचं नाही. आणि हेही लक्षात घ्या की नवी डिस्क घातल्यानं सगळंच नवं होत नाही. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. अनेक जुनी यंत्रं विंडोज 11 साठी पात्र नाहीत. तिथे लिनक्सचा विचार करावा.

आता काढलेली डिस्क. धड असेल तर ती फेकू नका. यूएसबीच्या डबीत बसवली की ती बाहेरची डिस्क होते, गावाच्या दप्तराची दुसरी प्रत. एसएसडी पुष्कळदा काही इशारा न देता जाते, आणि वीज न देता तापलेल्या खोलीत फार काळ ठेवली तर तिच्यातली माहिती पुसट होऊ शकते. म्हणून कपाटात ठेवायला जुनी तबकडी अजून उपयोगी आहे. फक्त चालू असताना हलवायची नाही, आणि पावसाळ्यात ओल लागू द्यायची नाही. बियाण्याचं धान आपण खायच्या धानासोबत एका ढोलीत ठेवत नाही, तसंच हेही. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. जमलं तर तिसरी गावाबाहेर.

डिस्क कोणाला द्यायची किंवा विकायची असेल, तर नुसतं डिलीट पुरेसं नाही. डिलीटनं फक्त अनुक्रमणिकेतलं नाव जातं, मजकूर जागेवरच राहतो. त्यात मजुरांचे बँक खाते क्रमांक असतात, आधारच्या प्रती असतात. तबकडीच्या डिस्कवर पूर्ण पृष्ठभाग एकदा शून्यांनी भरून घ्यावा. बिघडलेली असेल तर ती भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी.

शेवटी एकच सांगू. दुसरी प्रत आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. दर तेंदू हंगामाआधी ती डिस्क जोडा, चार फायली उघडून पाहा, आणि त्या उघडल्या अशी तारीख घालून रजिस्टरमध्ये नोंद करा. उघडून पाहिलेली प्रत हीच खरी प्रत. आता प्रश्न घेऊ.